दादी दवाखान्यातून घरी आल्या

समजा, तुमच्या दादी आठ दिवस दवाखान्यात होत्या. आज त्या घरी आल्या आहेत. शेजारचे लोक भेटायला येत आहेत. कोणी फळे आणली आहेत, कोणी सल्ले आणले आहेत. डॉक्टरांनी अब्बांच्या हातात एक कागद आणि औषधांची एक पिशवी दिली आहे. ते म्हणाले, "हृदय कमजोर झाले आहे. हा आजार जुना आहे. तो मुळापासून जाणार नाही. पण घरी नीट सांभाळले तर दादी चांगल्या राहतील."

आता प्रश्न असा, की "नीट सांभाळणे" म्हणजे नेमके काय करायचे? दवाखान्यात परिचारिका होत्या. त्या वेळेवर औषध देत, नाडी मोजत, रात्री येऊन पाहून जात. घरी परिचारिका नाही. घरी अम्मी आहे, अब्बा आहेत आणि तुम्ही आहात.

आपल्या बीड जिल्ह्यात तर कधी कधी अम्मी-अब्बाही घरी नसतात. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ती उन्हाळा लागल्यावर परत येतात. तेवढे चार-पाच महिने कितीतरी घरांत फक्त म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले राहतात. अशा घरात आजी-आजोबा मुलांना सांभाळतात, की मुले आजी-आजोबांना, हे सांगणे अवघड आहे. म्हणून हा पाठ मोठ्या माणसांसाठी नाही, तुमच्यासाठीच लिहिला आहे.

आजारी माणसाच्या सेवेला उर्दूत तुम्ही 'तीमारदारी' म्हणता. मराठीत त्यासाठी 'शुश्रूषा' हा शब्द आहे. उच्चाराला थोडा कठीण आहे, पण त्याचा अर्थ पाहा. हा शब्द संस्कृतातील 'श्रु', म्हणजे ऐकणे, या धातूपासून झाला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात 'ऐकण्याची इच्छा'. पुढे त्याचा अर्थ सेवा असा झाला. जुन्या हृदयरोगाच्या बाबतीत तर हा मूळ अर्थच जास्त उपयोगी पडतो. दादी काय सांगतात ते ऐकावे लागते. त्या जे सांगत नाहीत, पण त्यांचे शरीर सांगते, तेही ऐकावे लागते.

आधी हृदयाचे काम समजून घेऊ. तुमची मूठ बंद करा. साधारण तेवढे तुमचे हृदय आहे. ते एका मिनिटात सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसात एक लाखाच्या आसपास ठोके देते. मोठ्या माणसाचे हृदय दर मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त पुढे ढकलते. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांत जाते, तिथे प्राणवायू घेते आणि डाव्या बाजूला परत येते. मग ते साऱ्या शरीरात जाते. उजवीकडून फुप्फुसांत आणि फुप्फुसांतून डावीकडे हा रक्ताचा मार्ग इब्न अल्-नफीस या अरब वैद्याने १२४२ साली लिहिलेल्या ग्रंथात सांगितला होता. दमिश्कजवळ जन्मलेला हा हकीम पुढे काहिराला राहिला. युरोपात विल्यम हार्वेने सर्व शरीरातील रक्ताभिसरणाचा ग्रंथ १६२८ साली प्रसिद्ध केला.

हृदय कमजोर झाले म्हणजे ते बंद पडत नाही. ते रक्त पुरेशा जोराने पुढे ढकलू शकत नाही. विहिरीवरची मोटार कमजोर झाली तर पाणी शेताच्या टोकापर्यंत पोहोचत नाही; तसेच काहीसे होते. रक्त कमी पोहोचले की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. हे पाणी पायांत साठते, पोटात साठते आणि फुप्फुसांतही साठते. पायांत साठले तर सूज येते. फुप्फुसांत साठले तर दम लागतो. दादींच्या शुश्रूषेतील निम्म्या गोष्टी या एका वाक्यातून निघतात : शरीरात पाणी साठू द्यायचे नाही, आणि साठू लागले तर ते लवकर ओळखायचे.

ते ओळखण्याचा सर्वांत चांगला उपाय अगदी साधा आहे. रोज वजन करायचे. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याच्या आधी, साधारण तशाच कपड्यांत आणि त्याच काट्यावर. आलेला आकडा वहीत लिहायचा. अंगावर चरबी चढायला आठवडे लागतात. दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढले, तर ते मांस नाही, पाणी आहे. दादी म्हणतील, "मला तर बरे वाटते आहे." तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. सूज दिसण्याच्या आणि दम लागण्याच्या आधी वजन वाढते. म्हणून काटा आपल्याला दोन-चार दिवस आधी सावध करतो.

घरात वजनकाटा नसेल तर? आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे विचारून पाहा. तोवर दुसऱ्या खुणा पाहा. चप्पल घट्ट होते का? बांगड्या रुततात का? नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबा आणि अंगठा उचला. तिथे खळगा तसाच राहिला, तर ती पाण्याची सूज आहे. घोट्याभोवती रोज एकाच जागी दोरा गुंडाळून त्यावर गाठ मारली, तरी सूज वाढते की उतरते ते समजते.

यानंतर उशा मोजायच्या. हे ऐकून तुम्हांला हसू येईल; पण डॉक्टरही हाच प्रश्न विचारतात. दिवसभर पायांत उतरलेले पाणी माणूस आडवा झाला की परत रक्तात येते. त्याचा भार फुप्फुसांवर पडतो आणि श्वास कोंडतो. उठून बसले की बरे वाटते. म्हणून अशा रुग्णाला डोके आणि पाठ उंच करून झोपवतात. लोड किंवा तक्क्या असेल तर उत्तम. काल दादी दोन उशांवर झोपत होत्या. आज त्यांना तीन लागल्या, किंवा मध्यरात्री त्या दचकून उठल्या आणि खिडकीजवळ जाऊन बसल्या, तर ही गोष्ट वहीत लिहून ठेवा आणि सकाळी सांगा. नवा कोरडा खोकलाही सांगा. "हवा बदलली आहे, सर्दी झाली असेल," असे घरातील माणसे म्हणतात. असेलही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता मिठाकडे वळू. आपल्या भागात हीच खरी अडचण आहे, कारण आपले जेवण चवीचे असते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. कमजोर हृदयाच्या रुग्णाला किती चालेल ते डॉक्टर सांगतात. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, हे वर आलेच आहे.

पुष्कळ घरांत भाजीतील मीठ कमी करतात आणि ताटात लोणचे वाढतात! पापड, लोणचे, ठेचा, फरसाण, खारी, बेकरीचा माल, खाण्याचा सोडा घातलेले पदार्थ, या सगळ्यांत ते लपलेले असते. बकरी ईदनंतर काही घरी मांसाला मीठ लावून ते वाळवतात. असे वाळवलेले मांस दादींच्या ताटात नको. लग्नाच्या दावतीतही दोन घास चाखू द्या, भरलेली रकाबी नको. सैंधव मीठ हेही मीठच आहे. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून जे मीठ मिळते, त्यात पोटॅशियम असते. हृदयाच्या काही औषधांबरोबर ते धोक्याचे ठरते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

आळणी जेवण कोणाला आवडत नाही. दादी ताट बाजूला सारतील, रागावतील. लिंबू, कोथिंबीर, लसूण, जिरे, आमचूर, थोडी चिंच यांनी चव येते. सगळ्या घरानेच दोन आठवडे कमी मिठाचे खाऊन पाहावे. जिभेला सवय होते. एकट्या म्हाताऱ्या माणसाला वेगळे आळणी ताट वाढले, की त्याला आपण घरातून वेगळे काढले गेलो असे वाटते. अशा ताटातील भाकरी मग तशीच राहते.

काही रुग्णांना पाणीही मोजून प्यायला सांगतात. तसे सांगितले असेल तरच मोजायचे. आपल्या मनाने पाणी तोडायचे नाही. समजा, डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर सांगितले. सकाळी एका भांड्यात दीड लिटर पाणी भरून ठेवा. दादी त्यातूनच पितील. त्यांनी चहा, दूध किंवा डाळीचे पाणी घेतले, तर तेवढेच पाणी त्या भांड्यातून काढून टाका. भांडे रिकामे झाले की दिवसाचा हिशेब संपला. तहान फार लागली तर चूळ भरायला द्या.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र हा हिशेब बदलू शकतो. बीडचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. घाम भरपूर जातो. त्यात लघवीची गोळी चालू असते. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर शरीरातील पाणी एकदम कमी होते, चक्कर येते, मूत्रपिंडांवर ताण पडतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. जलसंजीवनीच्या पुडीतही मीठ असते. ती किती द्यायची हेही त्यांनाच विचारा.

औषधांविषयी थोडे सविस्तर सांगतो. कारण घरी सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पहिली चूक अशी, की बरे वाटू लागले की गोळ्या बंद करतात. गोळ्यांमुळेच बरे वाटत असते, हे ध्यानात येत नाही. दुसरी चूक लघवीच्या गोळीची. ती घेतल्यावर वरचेवर लघवीला जावे लागते, म्हणून गावाला जायचे असेल त्या दिवशी दादी ती गुपचूप उशाखाली ठेवतात. त्यांना लाज वाटते. एसटीत बसल्यावर काय करायचे? त्यांची अडचण खरी आहे. डॉक्टरांना विचारले तर ते त्या दिवसापुरती वेळ बदलून देतात. ही गोळी शक्यतो सकाळी देतात. रात्री दिली तर झोपमोड होते आणि अंधारात न्हाणीकडे जाताना पाय घसरतो.

तिसरी चूक म्हणजे एखादा डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या देणे. असे कधी करू नका. यामागे एक गोष्ट आहे. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने १७८५ साली एका फुलझाडावर पुस्तक लिहिले. त्या झाडाच्या पानांनी अंगावरची सूज उतरते आणि हृदयाला मदत होते, असे त्याने पुष्कळ रुग्णांवर पाहिले होते. त्या जातीच्या झाडांपासून मिळणारे डिगॉक्सिन हे औषध आजही काही रुग्णांना देतात. पण त्या झाडाची पाने विषारी असतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. मळमळ, भूक न लागणे, डोळ्यांपुढे पिवळे दिसणे, नाडी फार मंद होणे, ही जास्त झालेल्या मात्रेची लक्षणे आहेत. दादींच्या गोळ्यांत हे औषध आहे की नाही, ते दवाखान्यातच विचारून ठेवा.

चौथी चूक गुडघ्यांची! म्हातारपणी गुडघे दुखतात. मेडिकलमधून कोणीतरी दुखण्याची गोळी आणून देतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांमुळे शरीरात मीठ-पाणी साठते आणि कमजोर हृदय आणखी अडचणीत येते. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या चार गोळ्या माणसाला पुन्हा दवाखान्यात नेऊ शकतात. जडीबुटीची पुडी असली तरी ती आधी डॉक्टरांना दाखवावी.

दादींना वाचता येत नसेल, किंवा चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नसेल. मग तुम्ही एक काम करा. डबीला चार कप्पे करा. सकाळच्या कप्प्यावर सूर्य काढा, रात्रीच्या कप्प्यावर चंद्र. तुमची चित्रकला इथे कामाला येईल.

नाडी मोजायलाही शिका. तुम्ही तिला 'नब्ज' म्हणता. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला आपली दोन बोटे हलकेच ठेवा. आपला अंगठा ठेवू नका, कारण अंगठ्यातही नाडी असते आणि आपलीच मोजली जाते. पूर्ण एक मिनिट मोजा. बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी बहुधा ६० ते १०० असते. काही औषधांनी ती मुद्दाम मंद ठेवतात. म्हणून दादींची नेहमीची नाडी किती, हे माहीत हवे.

आता रमजानचा प्रश्न. तो पुष्कळ घरांत दरवर्षी येतो आणि कोणी स्पष्ट बोलत नाही. साठ वर्षे रोजे ठेवलेल्या माणसाला "यंदा ठेवू नका" असे नातवाने कसे सांगावे? नातवाने सांगूच नये. रमजानच्या महिनाभर आधी दादींना डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांनाच विचारावे. काही रुग्णांची औषधे सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात; काहींची बसवता येत नाहीत. आपल्या मनाने गोळ्यांच्या वेळा बदलणे मात्र घातक असते. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे आणि ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही त्याने फिद्या द्यावा, हे दादींना तुमच्यापेक्षा जास्त चांगले माहीत असते. तरी मन मानत नाही. मोहल्ल्यातील इमामसाहेबांनी घरी येऊन दोन शब्द सांगितले तर मनाला धीर येतो. दादींनी इफ्तारच्या दस्तरखानावर सर्वांबरोबर बसावे. फक्त भजी आणि समोसे त्यांच्यासमोरून थोडे दूर ठेवा. नमाजही त्या खुर्चीवर बसून पढू शकतात.

दादींना दिवसभर खाटेवर पाडून ठेवायचे, असा मात्र याचा अर्थ नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर अंगणात सकाळ-संध्याकाळ हळूहळू फेऱ्या मारू द्या. चालताना सहज बोलता यावे, इतपतच चाल ठेवावी. दम लागला की बसावे. खाटेवरून एकदम उभे राहू देऊ नका. आधी पाय खाली सोडून दोन मिनिटे बसणे, मग उभे राहणे. नाहीतर चक्कर येते. उकिडवे बसायचा त्रास होत असेल, तर संडासात कमोडची खुर्ची ठेवता येते. शौचाला कुंथावे लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाज कसली? आणि रुग्ण अंथरुणाला खिळलाच असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी, पाठ व टाचा पाहाव्यात. तिथली कातडी लाल दिसली तर जखम व्हायच्या बेतात आहे, असे समजा.

तंबाखूविषयी एवढेच सांगतो, की बिडी घरात नको. मिश्रीही नको, कारण तीही तंबाखूच आहे. मिश्रीने दात घासण्याची सवय आपल्याकडे पुष्कळ आजींना असते. चुलीच्या धुरापासूनही दादींना लांब बसवा.

या सगळ्या कामांत एक गोष्ट मला नेहमी खटकते. घरात कोणी आजारी पडले, की शाळा मुलीची सुटते. मुलगा मात्र शाळेत जातो आणि संध्याकाळी खेळायलाही जातो. नाडी मोजायला, वजन लिहायला, पाण्याचे भांडे भरायला मुलगी असणे जरुरीचे नाही. कामे वाटून घ्या. सकाळचे वजन आणि औषध एकाकडे, संध्याकाळची फेरी दुसऱ्याकडे. दुपारी शेजारच्या खालाजान तासभर येऊन बसतील का, ते विचारा. फ्लोरेन्स नाइटिंगेल हिने १८५९ साली शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते घरी आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या साध्या स्त्रियांसाठी होते. मी समोर नसताना माझे काम नीट कसे होईल, याची व्यवस्था लावून ठेवणे हे शुश्रूषेत मोठे काम आहे, असे तिचे मत होते.

तरीही एखाद्या रात्री प्रकृती बिघडू शकते. बसल्याजागी दम लागणे, ओठ निळसर पडणे, गुलाबी फेस असलेला खोकला, छातीत दाबल्यासारखे दुखून ते हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, थंड घाम, शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ क्रमांक फिरवा. ही मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. फोनवर गावाचे नाव सांगा, तालुका सांगा आणि जवळची खूण सांगा : दर्गा, शाळा, पाण्याची टाकी, फाटा. एकाने जाऊन रस्त्यावर बॅटरी घेऊन उभे राहावे. दादी शुद्धीवर असतील तर त्यांना आडवे करू नका. पाठीला टेका देऊन बसवा, पाय खाली सोडू द्या. गर्दी हटवा, खिडकी उघडा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दादींनाच दिलेली असेल तरच द्या, आणि ती बसवून द्या, कारण तिने रक्तदाब उतरतो. शेजाऱ्याची गोळी देऊ नका.

कुठे न्यायचे, हेही आजच ठरवून ठेवा. अंबाजोगाईला १९७४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे. खेड्यातील लोकांसाठी ग्रामीण भागातच असे महाविद्यालय काढण्याचा तो देशातील एक पहिला प्रयत्न होता. केज, धारूर, परळीच्या लोकांना ते जवळ पडते. बीड शहरात जिल्हा रुग्णालय आहे. आष्टी-पाटोद्याकडच्या लोकांना अंबाजोगाई फार लांब आहे. त्यांनी आपल्या बाजूचे दवाखाने आधीच विचारून ठेवावेत.

दाराजवळ खिळ्याला एक पिशवी अडकवून ठेवा. तिच्यात दवाखान्याचा कागद, जुना कार्डिओग्राम, रेशनकार्ड, आधारकार्ड, चालू गोळ्यांची पाकिटे आणि वजनाची वही असू द्या. अम्मी-अब्बा ऊसतोडीला गेले असतील तर त्यांचा आणि मुकादमाचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी दादींना कधी पाहिलेले नसते. ते आल्याबरोबर विचारतील, "कधीपासून दम लागतो? कोणत्या गोळ्या चालू आहेत? वजन किती वाढले?" त्या वेळी रडत उभे राहण्याऐवजी तुम्ही ती वही त्यांच्या हातात द्या.